दुखवट्यातला आकाशकंदील

वडील गेल्यावरची पहिली दिवाळी. घरात गोडधोड नाही, रोषणाई नाही. मुले मात्र कामट्या नि खळ घेऊन बसलेली. आई म्हणाली, "यंदा कंदील नको."

मी फडताळातून 'निर्णयसिंधु' काढला. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्टांनी तो १६१२ साली रचला. त्यात कार्तिकातला आकाशदीप आहे : तिळाच्या तेलाचा, दामोदराला वाहिलेला. शिवाय दिवाळीच्या तिन्हीसांजेला हाती उल्का, म्हणजे पेटती चूड, घेऊन पितरांना वाट दाखवावी, असेही सांगितले आहे. रंगीत कागदांचे कौतुक मागाहूनचे. मला ते आवडते, ही गोष्ट वेगळी.

आईने सारे ऐकून घेतले. "पांढरा कागद लावा," ती म्हणाली, "आणि तेल तिळाचे घाला."

झिरमिळ्या तेवढ्या मुलांनी रंगीत ठेवल्या.