कुटुंब-निवृत्तिवेतन : कृपा आणि अधिकार

निवृत्तिवेतन म्हणजे सरकारची कृपा, अशीच आपल्याकडील जुनी धारणा. १८७१ च्या पेन्शन कायद्यान्वये कलेक्टरच्या दाखल्यावाचून त्याविषयीचा दावा दिवाणी न्यायालयात चालत नसे. मग सेवकाच्या विधवेने दाद मागावी कोठे?

१ जानेवारी १९६४ पासून केंद्र सरकारने कुटुंब-निवृत्तिवेतनाची नवी योजना आणली. तीसाठी सेवकास ग्रॅच्युइटीतून दोन महिन्यांच्या वेतनाइतकी रक्कम सोडावी लागे. १९७७ मध्ये ही अट गेली. तरी योजनेपूर्वीच ज्यांचे पती निवर्तले होते, त्या विधवा वंचितच राहिल्या. त्यांचे गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. हे वेतन हा हक्क आहे, असे न्यायालयाने १९८५ साली सांगितले, आणि २२ सप्टेंबर १९७७ पासून ते त्यांना देवविले.

श्रोतेहो, पुढे वाद घरातच उभा राहिला. एका मृत रेल्वे सेवकाच्या भावाने मृत्युपत्राच्या आधारे त्याच्या पैशांवर हक्क सांगितला. १९९१ साली न्यायालयाने निर्णय दिला की, कुटुंब-निवृत्तिवेतन ही मृताची मिळकत नव्हे. नियमांनी ते पत्नीस व मुलांस नेमून दिलेले आहे, मृत्युपत्राने ते इतरांस देता येत नाही.

एकशे वीस वर्षांच्या या वाटचालीचे सार एवढेच : चाकरी पतीने केली, संसार दोघांनी राखला. मागे राहिलेलीच्या ओंजळीत पडते ते दान नव्हे.