आघाताचे स्थलांतर : इंग्रजीतील दीर्घ क्रियाविशेषणे

इंग्रजी छंदाच्या चर्चेत शब्दाची अक्षरसंख्या आणि आघातस्थान ही कोशाने कायमची निश्चित केली आहेत, असे गृहीत धरले जाते. (येथे ‘अक्षर’ म्हणजे लिपिचिन्ह नव्हे, तर एका स्वराभोवतीचा उच्चारघटक.) दीर्घ क्रियाविशेषणांचा इतिहास या गृहीताला छेद देतो.

क्रियाविशेषणे घडविणाऱ्या ‘ली’ या प्रत्ययाचे मूळ देह किंवा आकार या अर्थाच्या प्राचीन शब्दात आहे. प्रत्यय बनताच त्याचे वजन घटले. आधुनिक इंग्रजीत तो स्वतः मुख्य आघात घेत नाही आणि सामान्यतः विशेषणाचा आघातही हलवीत नाही. चॉम्स्की व हॅले यांनी ‘द साउंड पॅटर्न ऑफ इंग्लिश’मध्ये (१९६८) अशा प्रत्ययांपूर्वी शब्दसीमा कल्पून या तटस्थतेची उपपत्ती मांडली.

‘नेसेसरिली’सारखा शब्द मात्र या नियमाला जुमानत नाही. आघात पहिल्या अक्षरावर ठेवल्यास त्यामागे चार आघातहीन अक्षरे उरतात, आणि इंग्रजीच्या लयीला ती रांग पेलवत नाही. त्यातून सुटण्याचे मार्ग दोन : मधला स्वर गाळून अक्षरसंख्या घटविणे किंवा आघात तिसऱ्या अक्षरावर नेणे. परंपरागत ब्रिटिश उच्चाराने पहिला मार्ग स्वीकारला. अमेरिकन उच्चारात ‘नेसेसरी’चे तिसरे अक्षर गौण आघातासह टिकले होते, तेथे दुसरा मार्ग रूढ झाला, आणि पुढे ब्रिटनमध्येही तो पसरला.

अक्षरविभाजनही असेच विवाद्य आहे. नोआ वेब्स्टरने १७८३ च्या आपल्या वर्णलेखन-पुस्तकात डिलवर्थची ‘हॅ-बिट’ ही फोड नाकारून उच्चारानुसारी ‘हॅब-इट’चा पुरस्कार केला. तरीही लेखन आणि उच्चार यांतील अंतर मिटले नाही. ‘बेसिकली’च्या वर्णलेखनात चार अक्षरे दिसतात, बोलण्यात सहसा तीनच उरतात.

मराठी अभ्यासकाने येथे विशेष सावध राहावयास हवे. अक्षरगणवृत्तातील लघुगुरुत्व बहुतांशी लिखित रूपावरूनच ठरते; ती सवय इंग्रजी कवितेला लावता येत नाही. आजच्या कोशातील आघात दोन-तीन शतकांपूर्वीच्या ओळीवर लादला, तर कवीच्या माथी छंदोभंगाचा आरोप येतो. प्रत्यक्षात कालविपर्यासाचा दोष समीक्षकाचा असतो. म्हणून ओळीची लगक्रमासारखी मोजणी करण्यापूर्वी त्या शब्दाचा तत्कालीन उच्चार शोधणे, हे छंदोविचाराचे पहिले कर्तव्य ठरते.