मानसशास्त्र

मानसशास्त्र : मनोव्यापार व वर्तन यांचा अनुभवाधिष्ठित अभ्यास करणारे शास्त्र. मनाविषयीचे चिंतन पुरातन असले, तरी तत्त्वज्ञानाच्या घरातून या शास्त्राने स्वतंत्र बिऱ्हाड थाटले ते 1879 साली, विल्हेल्म वुंट यांनी लाइपझिग येथे प्रयोगशाळा स्थापिली तेव्हा. हिंदुस्थानात कलकत्ता विद्यापीठाने त्याचा विभाग 1916 मध्ये उघडला.

या शास्त्रातील पंथभेद ग्रंथांपेक्षा ठाणे जिल्ह्यातील शहापूर-मुरबाडकडील एखाद्या ठाकूर वा कातकरी वस्तीत अधिक लख्ख दिसावेत. सासऱ्यापुढे कधी मान वर न करणारी सून एके रात्री घुमू लागते, केस मोकळे सोडते आणि भर अंगणात त्यालाच जाब विचारते. ‘वारे आले’ असे सारे म्हणतात, आणि सकाळी तिला पुसावे, तर काहीएक आठवत नाही. वुंट यांच्या परंपरेची भिस्त आत्मनिरीक्षणावर. ती येथेच खुंटते. फ्रॉइडप्रणीत मनोविश्लेषणाच्या मते दडपलेल्या इच्छेने दैवताच्या तोंडून वाट काढली. वॉटसन (1913) व पुढे स्किनर यांचा वर्तनवाद मनाची साक्षच नामंजूर करून एवढेच टिपील की, घुमल्यावर चार दिवस तिची पाण्याच्या हंड्यापासून सुटका होते, व ज्या वर्तनास असे फळ येते ते पुन्हा घडते. वेर्थायमर यांचे व्यूह मानसशास्त्र ढोल, ऊद व भोवतालची माणसे यांपासून त्या बाईस वेगळे काढू देणार नाही. मॅस्लो यांनी 1943 मध्ये मांडलेली गरजांची उतरंड मात्र, दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबापुढे, पहिल्याच पायरीवर अडते.

असे वारे उतरविण्यास बोलावला जाणारा भगत यांपैकी कोणत्याच पंथाचा नव्हे. तो सुपात तांदळाचे दाणे मांडतो, आणि दाण्यांवरची नजर न काढता सहज विचारतो : घरात कोणाशी बोलाचाली झाली? माहेरी जाऊन किती दिवस झाले? दाण्यांचे ज्ञान बाजूस ठेवले, तरी हे प्रश्न निष्णात चिकित्सकाच्या तोडीचे होत. तथापि अपस्माराचा झटकाही तो वाऱ्याच्याच सदरात घालतो, आणि तेथे औषधावाचून दिवस जाणे घातक ठरते. भूत उतरविण्याच्या मिषाने मारहाण करणे तर महाराष्ट्रात 2013 च्या कायद्यान्वये गुन्हा आहे. ठाण्याचे मनोरुग्णालय 1901 पासून चालू आहे, परंतु मुरबाडास रेल्वे नाही, आणि भगताचे घर पाड्यातच असते.