एकदाच दाबायचं बटण

डिसेंबरात आमची गँग गोव्याला गेली होती. बाकीचे बागाच्या वाळूत जे आडवे झाले ते उठायचं नावच घेईनात. मग मी एकटाच स्कूटर काढून वास्कोजवळचं नौदलाचं विमान संग्रहालय बघायला गेलो. (मी बोअर माणूस आहे असं ग्रुपचं एकमत आहे. असो.)

तिथल्या आवारात अलिझे नावाचं जाडजूड विमान उभं आहे. आपल्या नौदलात ते १९६१ ला आलं, विक्रांतवरून उडायचं, १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात कामाला आलं आणि १९९१ मध्ये निवृत्त झालं. बनवणारी कंपनी कुठली? ब्रेगे! म्हटलं, च्यायला, हे तर घड्याळवाले!

नातं खरंच आहे, बरं का. अब्राहम-लुई ब्रेगे हा अठराव्या शतकातला पॅरिसचा नामांकित घड्याळजी. त्याच्या खापरपणतूनं, लुई शार्ल ब्रेगेनं, विमानांचा कारखाना काढला. घड्याळांचा धंदा घराण्यानं १८७० मध्येच विकला होता, पण नाव तेच राहिलं. त्यामुळे १९६० च्या सुमारास फ्रेंच नौदलाकडे विमानंही ब्रेगेची होती आणि घड्याळंही.

हे घड्याळ म्हणजे टाइप २०. लष्करी क्रोनोग्राफ, म्हणजे साध्या शब्दांत स्टॉपवॉच असलेलं मनगटी घड्याळ. माझा जीव याच्यावर जडला त्याचं कारण म्हणजे त्याचा जन्म चक्क एका सरकारी रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमधून झाला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रेंच संरक्षण खात्यानं अटी लिहून काढल्या: काळी तबकडी, अंधारात चमकणारे आकडे आणि काटे, फिरवता येणारी कड, दिवसाला ८ सेकंदांपेक्षा जास्त चूक नको, एकदा चावी दिली की ३५ तास चाललं पाहिजे. आणि मुख्य अट: फ्लायबॅक, तोही न बिघडता किमान ३०० वेळा चालणारा. ज्याला जमेल त्यानं बनवावं! ब्रेगे, डोडान, ऑरिकोस्त, एरँ, व्हिक्सा अशा अनेकांनी बनवलं. इंटरफेस एक, इंप्लिमेंटेशन अनेक.

आता हा फ्लायबॅक काय प्रकार आहे? साध्या क्रोनोग्राफमध्ये पुन्हा शून्यापासून मोजायचं तर तीन वेळा बटणं दाबावी लागतात: थांबव, शून्यावर आण, सुरू कर. फ्लायबॅकमध्ये एकदाच दाबायचं. काटा चालता चालता शून्यावर येतो आणि तिथून लगेच पुढे निघतो. आमच्या भाषेत अॅटॉमिक ऑपरेशन.

एवढ्यानं काय फरक पडतो? जीपीएस नसताना वैमानिक दिशा, वेग आणि वेळ यांवरून आपण कुठे आहोत ते काढायचा. अमुक दिशेला इतकी मिनिटं, मग वळ, पुन्हा शून्यापासून मोज. ताशी ७२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २०० मीटर. बटणांच्या खटपटीत दोन सेकंद गेले की ४०० मीटरची चूक. अशी पाच वळणं घेतली की दोन किलोमीटर! रात्र, खाली समुद्र, टाकीत मोजकं इंधन आणि हातात जाड हातमोजे... तिथे तीनाचं एक बटण होणं ही चैन नव्हे.

या घड्याळातली जवळपास प्रत्येक गोष्ट अशी गरजेतून आली आहे. हवाई दलासाठी ब्रेगेनं जी सुमारे २००० घड्याळं दिली, त्यांच्या तबकडीवर कंपनीचं नावसुद्धा नाही. नाव वाचून वेळ कळत नाही ना!

आपण चमकणाऱ्या कुठल्याही स्टिकरला 'रेडियम' म्हणतो, पण त्या काळच्या तबकड्यांवर खरंखुरं रेडियम असायचं. चमकणारी पावडर काही वर्षांत थकते, मूळ रेडियम अर्धं व्हायला मात्र १६०० वर्षं लागतात. म्हणजे आज ते आकडे अंधारात दिसत नाहीत, पण किरणोत्सर्ग चालूच.

मला सगळ्यात आवडते ती मागची बाजू. ही घड्याळं वैमानिकाच्या मालकीची नव्हती, सरकारी होती. ठरावीक मुदतीनं दुरुस्तीला जायची आणि घड्याळजी मागच्या झाकणावर 'एफ जी' अशी अक्षरं आणि तारीख कोरायचा. 'फँ द गारांती', म्हणजे हमी संपण्याची तारीख. एकाखाली एक अशा तारखा. अगदी कमिट लॉगच म्हणा ना! वापरणाऱ्याचं नाव नाही, फक्त घड्याळ कधीपर्यंत भरवशाचं ते.

मागच्या वर्षी एक टाइप २० मी जवळजवळ घेतलंच होतं. काही महिन्यांचा पगार गेला असता. विकणाऱ्यानं कौतुकानं फोटो पाठवले, "अगदी नव्यासारखं केलंय". खरंच होतं. मागचं झाकण पॉलिश करून करून आरशासारखं झालेलं. सगळ्या तारखा गायब! नको म्हणालो.

नंतर विचार केला, मला नक्की काय हवं होतं? १९५४ ते १९६२ फ्रान्स अल्जेरियात लढत होता, आणि त्या काळातल्या हवाई दलाची ही घड्याळं. कुठे बॉम्ब पडले त्या वेळाही यांच्यावरच मोजल्या गेल्या असणार. आपण "काय सुंदर तबकडी आहे" म्हणतो तेव्हा हे सोयीस्करपणे विसरतो. झाकणावरच्या त्या तारखा तेवढं विसरू देत नाहीत. विकणाऱ्यानं घासून काढलं ते नेमकं हेच.

तर सध्या मनगटावर साधं बॅटरीचं घड्याळ आहे आणि बँकेत पैसे आहेत. तारखा शाबूत असलेलं एखादं सापडलं तर बघू. तोवर गोव्याला गेलात तर ते अलिझे जरूर बघा. बागा कुठे पळून जात नाही.