चोळीचा बेत

इ. स. १९२० नंतरच्या दशकांत विलायतेतील व अमेरिकेतील तरुणींनी घरी विसावतांना घालण्यास जो सैल पायजमा पत्करला, त्याचे नांव मूळचे फारसी. आणि तो हिंदुस्थानांतून इंग्रजांच्या पेटाऱ्यांत बसून तिकडे गेला. तसला पायजमा आजही जुन्या नमुन्यावरून हुबेहूब शिवतां येतो. १८६३ सालीं बटरिक नामक अमेरिकन शिंप्याने निरनिराळ्या मापांचे कागदी नमुने विकण्यास आरंभ केला, आणि पुढे तिकडील स्त्रियांचे बेतही कागदावर टिकून राहिले.

त्याच दशकांत, १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. धरणाच्या पाण्याखालीं जाणाऱ्या त्या गांवांतील बायांस विसाव्याचा निराळा पोषाख कोठला! घरांत, शेतांत आणि सत्याग्रहांतही तेंच लुगडे व तीच चोळी. परंतु ही चोळी बेतणे सोपे नव्हे. अरुंद खणाची चिंधीही वाया न दवडतां पाठ, बाह्या, उरावरचे भाग व काखेंतील तुकडा काढावयाचा. काठ दंडावर यावा, पुढची गांठ नीट बसावी. नमुना म्हणाल तर मापाची जुनी चोळी, एवढाच.

पुढे पोलके आले व हा हिशेब हातांतून सुटत गेला. सेनापति बापटांचे नांव इतिहासांत राहिले, तें योग्यच. पण त्या बायांच्या चोळीचा बेत कोणी टिपला? मावळांतील एखाद्या पेटींत तशी चोळी अजून असेल, तर ती उसवूं नये. आधी तिची मापे व शिवणी कागदावर उतरून घ्याव्या.