प्रेक्षकांवांचून विजय

ता. १३ मार्च २०२० रोजीं करोनाच्या सांथीमुळें इंग्लंडांतील फुटबॉलचे सामने बंद पडले. लिव्हरपूलचा संघ तेव्हां २५ गुणांनीं पुढें होता. ३० वर्षांनीं विजेतेपद हातातोंडाशीं आलें होतें. एप्रिलांत या क्लबनें कांहीं नोकरांच्या वेतनाचे ८० टक्के सरकारी तिजोरींतून घेण्याचें ठरविलें. पण चाहत्यांच्या रोषापुढें दोनच दिवसांत तो बेत सोडून क्षमा मागितली. खेळाडूंनींहि रुग्णसेवेसाठीं निधि उभारला.

१७ जूनला रिकाम्या मैदानांवर खेळ पुन्हां सुरू झाला, आणि २५ जूनला लिव्हरपूल विजेता ठरला. प्रेक्षकांवांचून सामने होऊं शकतात, हें त्या उन्हाळ्यानें दाखविलें. परंतु घरीं बसलेल्या प्रेक्षकांनीं क्लबला जाब विचारण्याचा अधिकार गमावलेला नव्हता, हेंहि त्यानेंच दाखविलें.