पाणबुड्या कार्ल ब्रॅशियर

‘मेन ऑफ ऑनर’ हा २००० सालचा इंग्रजी सिनेमा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. तो ज्याच्यावर बेतला आहे, तो कार्ल ब्रॅशियर खराखुरा माणूस होता.

१९३१ साली केंटकीत, गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्याच्या घरी तो जन्मला. १९४८ मध्ये अमेरिकी नौदलात शिरला. काळ्या माणसाने तिथे मुख्यतः अधिकाऱ्यांना रांधून वाढायचे, असा तो काळ. कार्लला मात्र पाणबुड्या व्हायचे होते. प्रशिक्षणात त्याच्या बिछान्यावर धमकीच्या चिठ्ठ्या सापडत. तरी १९५४ मध्ये तो उत्तीर्ण झाला. वरच्या श्रेणीच्या परीक्षेत शाळेचे अर्धवट शिक्षण आड आले. १९६० मध्ये तो नापास झाला, पण अभ्यास करून पुन्हा बसला आणि पास झाला.

जानेवारी १९६६ मध्ये स्पेनजवळ अमेरिकेचा एक हायड्रोजन बॉम्ब समुद्रात पडला. त्याच्या शोधमोहिमेत, मार्चमध्ये, जहाजावर एक लोखंडी पाइप कार्लच्या डाव्या पायावर आदळला. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

सरकारी फायलीवर ‘अपात्र’ असा शेरा पडला की तो पुसणे किती कठीण, हे आम्हा कारकुनांना सांगायला नको. कार्ललाही ते ठाऊक होते. धावून आल्यावर कृत्रिम पायात रक्त साचले तरी तो दवाखान्यात जात नसे, कारण तिथे नोंद झाली असती! मिठाच्या पाण्यात जखम शेकून तो पुन्हा सरावाला उभा राही.

१९६८ मध्ये नौदलाने त्याला पुन्हा पाणबुड्या म्हणून पात्र ठरवले. १९७० मध्ये तो पहिला कृष्णवर्णीय ‘मास्टर डायव्हर’ झाला आणि १९७९ मध्ये निवृत्त झाला.

शेरा फायलीवरचा होता. तो त्याने पाण्यात उतरून खोडला.